साखळी बांधली, पण चालविली कोणी?

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या ग्रंथालयात एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला, आणि तो आमच्या हातून झाला. गोष्ट अवघ्या ४३ रुपयांच्या दंडाची होती; दंड परत केल्यावर ती मिटलीही. तथापि ज्या कारणाने हा अन्याय घडला त्याचा विचार वार्षिकाच्या पानांतून उघडपणे व्हावा, असे आम्हांस वाटते. कारण ज्या विद्येत आम्ही चुकलो तीच विद्या येत्या जूनपासून नववीच्या वर्गांना शिकविण्याचे योजिले आहे, आणि ती कशी शिकवावी याविषयी आमचे मत शिक्षक-कक्षातील बहुमताहून निराळे आहे.

हकीकत अशी. जून २०२४ पर्यंत आपल्या ग्रंथालयाची देवघेव एका जाड नोंदवहीत होत असे. त्या महिन्यात ती संगणकावर आली. संगणक-कक्ष आमच्याकडे असल्यामुळे आज्ञावली लिहिण्याचे कामही आमच्याकडे आले, आणि ते आम्ही जावास्क्रिप्ट भाषेत पार पाडले. माहितीच्या साठ्यात, ज्याला सारे जण डेटाबेस म्हणतात त्यात, मुख्य तक्ते दोन: एक पुस्तकांचा, दुसरा देवघेवीचा. पुस्तक परत आले की दोन फेरफार व्हावयाचे. पुस्तकांच्या तक्त्यात कपाटातील शिल्लक प्रतींचा आकडा एकाने वाढावयाचा, आणि देवघेवीच्या तक्त्यात त्या विद्यार्थ्याच्या ओळीवर जमा-तारीख पडावयाची. सहा महिने सर्व सुरळीत चालले आहे, अशी आमची समजूत होती.

उत्तरायणाच्या सुटीनंतर, १७ जानेवारी २०२५ रोजी, मुदत उलटलेल्यांची यादी फलकावर लागली. तीत नववीतील एका मुलीचे नाव होते. पुस्तकाची मुदत ५ डिसेंबरला संपलेली. दिवसाला एक रुपयाप्रमाणे ४३ दिवसांचा दंड. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, मी ते पुस्तक २ डिसेंबरलाच जमा केले. पडद्यावर ‘पुस्तक जमा झाले’ असे उमटलेले मी पाहिले.” आम्ही तिला जे उत्तर दिले त्याची आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, “संगणक विसरत नाही, बाळ; माणूस विसरतो.” तिने मुकाट्याने दंड भरला.

चौथ्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी तिच्यापाशी तक्रार नव्हती, एक प्रश्न होता. “सर, त्या पुस्तकाची आपल्याकडे एकच प्रत आहे ना? मग तीच प्रत आता दहावीतील एका मुलाच्या नावावर कशी चढली?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे एकच प्रत एकाच वेळी दोघांच्या घरी होती. आम्ही त्या दुपारी आज्ञावली उघडून बसलो, आणि अर्ध्या तासात चूक सापडली: एक शब्द लिहावयाचा राहिला होता.

तो शब्द कोणता हे कळण्यासाठी जावास्क्रिप्टमधून डेटाबेसला प्रश्न कसा विचारतात ते थोडे सांगितले पाहिजे. पालकांपैकी बहुतेकांना त्याचा परिचय नसावा. डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अथवा त्याला दिलेली फेरफाराची आज्ञा, हिला पृच्छा किंवा रूढ शब्दात क्वेरी म्हणतात. मुळात ती एसक्यूएल नावाच्या भाषेत लिहावयाची असते. परंतु आजकाल पुष्कळ ठिकाणी ती तशी न लिहिता साखळीने बांधतात. समजा, ग्रंथालयाच्या खिडकीपाशी एक कोरी चिठ्ठी आहे. एकाने तीवर लिहिले, ‘देवघेवीच्या तक्त्यातून’, आणि चिठ्ठी शेजाऱ्याच्या हाती दिली. त्याने खाली लिहिले, ‘इयत्ता नववीच्या ओळी’. तिसऱ्याने लिहिले, ‘तारखेच्या क्रमाने’. चौथ्याने, ‘पहिल्या दहाच’. प्रत्येकाने एकेक अट घातली आणि तीच चिठ्ठी पुढे दिली. आम्ही वापरलेल्या कनेक्स या साधनसंचातील ‘व्हेअर’, ‘ऑर्डर बाय’, ‘लिमिट’ ही फंक्शने हेच करतात. प्रत्येक फंक्शन आपली अट नोंदवून तेच ऑब्जेक्ट परत देते. म्हणून त्यापुढे टिंब देऊन दुसरे फंक्शन जोडता येते, त्यापुढे तिसरे. साखळी म्हणतात ती ही.

आता मेख पाहा. चिठ्ठी कितीही काळजीपूर्वक भरली तरी ती खिडकीतून आत दिल्यावाचून कपाटातील एकही पुस्तक हलत नाही. साखळी बांधणे ही एक क्रिया आहे आणि ती चालविणे ही दुसरी. जावास्क्रिप्टमध्ये चिठ्ठी आत देऊन उत्तर येईपर्यंत थांबावयाचे असेल तर साखळीच्या आधी ‘अवेट’ हा शब्द लिहावा लागतो, किंवा तिच्या शेवटी ‘देन’ हे फंक्शन जोडावे लागते. दोहोंपैकी काहीच केले नाही तर कनेक्सची पृच्छा डेटाबेसपर्यंत जातच नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, कारण न दिलेल्या चिठ्ठीविषयी खिडकीमागचा मनुष्य तक्रार कशी करणार?

जाणत्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक भेद नोंदवून ठेवतो. जावास्क्रिप्टमधील साधे प्रॉमिस म्हणजे पुढे मिळावयाच्या उत्तराचे टोकन. ते हाती पडते तेव्हा काम बहुधा सुरू झालेलेच असते. ‘अवेट’ विसरला तरी काम पुढे चालते, आपण फक्त त्याची वाट पाहत नाही. कनेक्सची साखळी दिसते प्रॉमिससारखी, परंतु तिचे काम वाट पाहिल्यानेच सुरू होते. मोंगो डेटाबेससाठी वापरल्या जाणाऱ्या मंगूस या संचातील पृच्छाही अशीच बसून राहते. तिला चालविण्यासाठी शेवटी ‘एक्झेक’ हे फंक्शन जोडण्याची सोय आहे. ज्याने पहिला प्रकार शिकून दुसराही तसाच असेल असे धरले तो फसतो. आम्ही फसलो ते असेच.

आमच्या आज्ञावलीत पुस्तक जमा करण्याच्या दोन वाटा होत्या. साधी वाट बिनचूक होती. दुसरी वाट, जमा होणाऱ्या पुस्तकासाठी आणखी कोणी आगाऊ मागणी नोंदविलेली असेल तेव्हाची, ती आम्ही दिवाळीपूर्वी घाईने जोडली होती. तीत शिल्लक प्रतींचा आकडा वाढविणाऱ्या साखळीपूर्वी ‘अवेट’ होता. जमा-तारीख घालणाऱ्या साखळीपूर्वी नव्हता. त्यामुळे पुस्तक कपाटात आले, पडद्यावर ‘जमा झाले’ असे उमटले, पुढील विद्यार्थ्याला ते मिळालेही. आणि त्या मुलीची ओळ मात्र उघडीच राहिली. ही वाट क्वचितच वापरली जात असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही.

एवढी ठळक चूक डोळ्यांना का दिसली नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमची समजूत अशी की, यात मातृभाषेच्या सवयीचाही थोडा हात आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘नववीच्या वर्गाने नेलेली, मुदत उलटलेली, अद्याप परत न आलेली पुस्तके’ एवढे ऐकून आपण थांबतो, पुढे ‘आण’ येते की ‘मोज’ याची वाट पाहतो, आणि क्रियापद कानी पडले की वाक्य पुरे झाले असे समजतो. कनेक्सची साखळी या बाबतीत मराठीच्या वळणावर जाते: प्रथम तक्ता, मग अटी, शेवटी ‘अपडेट’ किंवा ‘सिलेक्ट’. आमच्या त्या ओळीच्या शेवटीही ‘अपडेट’ होते. क्रियापद दिसले, डोळ्यांचे समाधान झाले. खरे चालविणारे क्रियापद ओळीच्या आरंभी असावयास हवे होते, आणि तेथे पाहण्याची आपल्याला सवय नाही. हे आमच्या चुकीचे समर्थन नव्हे; मराठीतून शिकणाऱ्या मुलामुलींनी नेमके कोठे अधिक सावध राहावे ते यातून कळते, म्हणून लिहिले.

आता मतभेदाचा मुद्दा. आमच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, साखळी मुलांना चटकन जमते, दोन तासिकांत पडद्यावर उत्तर दिसते, मुले रमतात; मग एसक्यूएलचे जुने व्याकरण मध्ये आणून त्यांचा उत्साह का मारावा? हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. साखळीचे गुण आम्हांलाही मान्य आहेत. तिच्यामुळे अट असेल तेव्हा जोडता येते, नसेल तेव्हा गाळता येते. शिवाय विद्यार्थ्याने भरलेली किंमत आणि आज्ञेचा मजकूर ती एकमेकांपासून वेगळे ठेवते. त्यामुळे शोधाच्या चौकटीत कोणी खोडसाळपणे आज्ञेचा तुकडा टंकित केला तरी डेटाबेस तो निव्वळ मजकूर म्हणूनच घेतो. हे संरक्षण लहान नाही.

परंतु खाली काय घडते हे न समजता साखळी जोडीत गेल्यास काय होते, त्याचे एक उदाहरण देतो. नववी किंवा दहावीच्या विद्यार्थ्यांकडून परत न आलेली पुस्तके हवी आहेत. मुलगा साखळी बांधतो: ‘व्हेअर’ जमा-तारीख रिकामी, पुढे ‘व्हेअर’ इयत्ता नववी, पुढे ‘ऑर व्हेअर’ इयत्ता दहावी. वाचताना अर्थ बरोबर वाटतो. उत्तरात मात्र दहावीची सर्व पुस्तके येतात, परत आलेलीसुद्धा! कारण एसक्यूएलमध्ये ‘आणि’ हा ‘किंवा’हून घट्ट बांधतो, जसा २ + ३ × ४ यात गुणाकार आधी होतो. डेटाबेसने वाचले ते असे: ‘परत न आलेली आणि नववीची, किंवा दहावीची कोणतीही’. साखळीत कंस दिसत नाहीत, म्हणून कंस हवा होता हेही सुचत नाही. तीच साखळी एसक्यूएलच्या रूपात छापून पाहिली, आणि कनेक्समध्ये तशी सोय आहे, तर नसलेला कंस एका दृष्टिक्षेपात कळतो. दोन इयत्तांच्या अटी आतल्या एका फंक्शनमध्ये एकत्र बांधल्या की कंस पडतो आणि उत्तर सुधारते. ज्याला एसक्यूएल वाचताच येत नाही त्याला हे कोण सांगणार? त्याने दहावीच्या निरपराध मुलांची नावे फलकावर लावलेली असतील.

दुसरी फसगत आमच्या वर्गातच घडली. एका गटाने ‘परत न आलेल्या ओळी’ अशी मूळ साखळी बांधून ठेवली. तीवर नववीची अट घालून एक यादी काढली, मग त्याच मूळ साखळीवर दहावीची अट घालून दुसरी. दुसरी यादी रिकामी आली. मुले आनंदली की, दहावीने सारी पुस्तके परत केली! वास्तविक चिठ्ठी एकच होती. तीवर नववीची अट आधीच लिहिली गेलेली होती, आणि एकाच वेळी नववीत व दहावीत असणारा विद्यार्थी कोठून मिळावा? मूळ चिठ्ठीची नक्कल करून, म्हणजे ‘क्लोन’ फंक्शन वापरून, मग अट घातली असती तर असे झाले नसते. सर्वच साधनसंच असे वागत नाहीत. कायसेली नावाच्या संचात प्रत्येक पायरीला नवी चिठ्ठी मिळते. म्हणजे साखळीचे रूप सारखे, स्वभाव निरनिराळे. एसक्यूएल मात्र थोड्याफार फरकाने सर्वत्र तीच आहे. शाळेने वेळ खर्चावयाचा तो टिकणाऱ्या गोष्टीवर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ती किती टिकली ते पाहावे. एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याचा सिद्धांत १९७० मध्ये प्रसिद्ध केला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावर आधारलेली प्रश्नांची भाषा १९७४ मध्ये मांडली. जावास्क्रिप्ट १९९५ ची. तिला डेटाबेसशी बोलण्याचे मोठे क्षेत्र मिळाले ते २००९ मध्ये नोड आल्यावर. ‘अवेट’ हा शब्द तर तिच्या प्रमाणित रूपात २०१७ मध्ये आला. साधनसंच याहूनही अल्पायुषी असतात. आजचा नववीचा विद्यार्थी नोकरीला लागेल तेव्हा कनेक्स असेल किंवा नसेल.

काही पालकांनी आमच्यापाशी वेगळीच शंका काढली: हे सारे इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे काम; आपली मुले त्यात मागे पडतील. ही भीती आम्हांस निराधार वाटते. जावास्क्रिप्टचे ठरलेले शब्द इंग्रजी आहेत खरे, पण ते थोडे आहेत. आपण ठेवावयाची नावे देवनागरीत असली तरी ती भाषा ती स्वीकारते. ‘पुस्तके’, ‘देवघेव’, ‘विद्यार्थी’ अशी नावे आमच्या आज्ञावलीत प्रत्यक्ष आहेत. मराठीमुळे अडचण आली ती निराळ्याच ठिकाणी. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधाला मात्र दोन वेगळे शब्द. त्यामुळे कपाटात असलेले पुस्तक ‘नाही’ म्हणून परत आले. साठविण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी दोन्ही मजकूर ‘नॉर्मलाइज’ या फंक्शनने एका रूपात आणल्यावर ते सापडू लागले. इंग्रजीतूनच शिकलेल्या कारागिराला ही अडचण भेटलीच नसती, आणि म्हणून त्याच्या आज्ञावलीत ती तशीच राहिली असती. आपल्या पुस्तकांची काळजी आपल्या मुलांनी घ्यावयाची ती यासाठी.

बडोद्यात तर हे सांगण्याचीही गरज नसावी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था लावली. खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या जात. कोणती पेटी कोठे गेली याचा हिशेब ठेवल्यावाचून अशी व्यवस्था एक महिनाही टिकणार नाही. हिशेबाचे साधन बदलले, काम तेच आहे.

नववीसाठी आमची सूचना अशी. पहिल्या सत्रात संगणकाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक प्रश्न पूर्ण मराठी वाक्यात कागदावर लिहावा. मग तो एसक्यूएलमध्ये उतरवावा. दुसऱ्या सत्रात त्याची साखळी बांधावी, साखळीने बनविलेली एसक्यूएल छापावी, आणि ती हाताने लिहिलेलीशी ताडून पाहावी. हे मंद वाटेल. दोन तासिकांत पडद्यावर काही दिसणार नाही. तेवढे सोसावे. आणि फेरफाराच्या पृच्छेसाठी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावी: किती ओळी बदलल्या हा आकडा डेटाबेस परत देतो, तो तपासावा. पुस्तक जमा होताना तो आकडा १ असल्यावाचून पडद्यावर ‘जमा झाले’ हे शब्द येता कामा नयेत. ‘अवेट’ विसरला तर हाती आकड्याऐवजी न चाललेली साखळीच येते. ती १ शी जुळत नाही, आणि चूक तेथल्या तेथे ओरडून उठते. दोन्ही फेरफार एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, बांधावे हेही खरे. एक फसला तर दुसराही रद्द होतो. पण जी आज्ञा गेलीच नाही ती फसली असे व्यवहारालाही कळत नाही. म्हणून आकडा पाहणे सुटत नाही.

चूक सापडल्यावर आणखी कोणावर असा प्रसंग आला होता ते शोधणे भाग होते. पृच्छा त्या मुलीच्याच प्रश्नावरून बांधली: जमा-तारीख नसलेल्या ओळी घ्याव्या, पुस्तकानुसार त्यांचे गट करावे, आणि ज्या गटातील ओळी त्या पुस्तकाच्या एकूण प्रतींहून अधिक आहेत ते गट ठेवावे. ७ पुस्तके निघाली. आम्ही यादी मिटवीत होतो, इतक्यात ती म्हणाली, “सर, परत आलेले पुस्तक पुन्हा कोणी नेलेच नसेल, तर ते या यादीत कसे येईल?” खरेच होते. उघड्या ओळींत कपाटातील शिल्लक प्रती मिळवून ती बेरीज एकूण प्रतींशी ताडली, तेव्हा आकडा ११ झाला. त्यांपैकी ५ जणांनी दंड भरलेला होता, तिच्यासह. पाचही जणांचे पैसे परत केले आणि फलकावर आमच्या सहीने खुलासा लावला.

जुनी जाड नोंदवही पुन्हा खिडकीपाशी ठेवली आहे. दर शनिवारी ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी नोंदवही व संगणक यांचा ताळा घेतात. मागील शनिवारी एका ओळीचा फरक आला. आम्ही धसकून आज्ञावली उघडली; तोवर त्यांनी शोधून काढले की, या वेळी ओळ नोंदवहीतच लिहावयाची राहिली होती, आणि अक्षर आमचे होते.